घोड्यावरचा धर्मग्राम (पॅरिश, म्हणजे एका धर्मगुरूचा इलाखा): फादर जॉन जोसेफ थेरी यांचं काम नेमकं काय होतं?

गावात देऊळ नसलं तरी घरच्या देवघरात पूजा होते. कॅथलिक माणसाची अडचण वेगळी असते. तो घरी प्रार्थना करील, जपमाळ ओढील, अगदीच वेळ आली तर मरणाच्या दारातल्या बाळाला स्वतः बाप्तिस्माही देईल. पण मिस्सा (वेदीवर भाकर आणि द्राक्षारस अर्पण करण्याची मुख्य उपासना), पापनिवेदन (धर्मगुरूला आपली पापं सांगून क्षमा मागणं) आणि मरताना तेलाचा अभ्यंग या तिन्ही गोष्टी दीक्षा घेतलेल्या धर्मगुरूवाचून होत नाहीत. वसईतल्या वाचकांना हे सांगायची गरज नाही. इतरांनी मात्र एवढं धरून ठेवावं, म्हणजे पुढचं सगळं उलगडत जाईल. काळ्या पाण्याची शिक्षा होऊन ऑस्ट्रेलियात आलेल्या आयरिश कैद्यांचं दुःख नुसतं घर सुटल्याचं नव्हतं. इथे मेलो तर पाप न सांगताच मरू, ही धास्ती त्यांच्या मनात कायम होती.

इंग्रजांनी १७८८ साली सिडनीला वसाहत केली, तेव्हापासून आयरिश कैदी येत राहिले. आयर्लंडमधल्या १७९८ च्या बंडानंतर तर शिक्षा झालेले तीन धर्मगुरूही तिथे पोहोचले. त्यांच्यापैकी फादर जेम्स डिक्सन यांना १८०३ मध्ये उघडपणे मिस्सा म्हणायची परवानगी मिळाली. पण १८०४ च्या मार्चमध्ये सिडनीजवळच्या कॅसल हिलला आयरिश कैद्यांनी उठाव केला आणि ती परवानगी गेली. १८१७ मध्ये फादर जेरेमाया ओ'फ्लिन आले. त्यांच्याकडे सरकारी कागद नव्हता, म्हणून पुढच्याच वर्षी त्यांना जहाजावर बसवून परत पाठवलं. त्यावरून आयर्लंड-इंग्लंडमध्ये ओरड झाली, आणि अखेर लंडनने दोन धर्मगुरूंना रीतसर नेमलं. एक फिलिप कॉनोली, दुसरे जॉन जोसेफ थेरी.

थेरींचा जन्म १७९० चा, आयर्लंडमधल्या कॉर्क शहरातला. कार्लोच्या सेंट पॅट्रिक्स कॉलेजात शिक्षण, १८१५ मध्ये दीक्षा, मग काही काळ डब्लिनमध्ये आणि नंतर कॉर्कला बिशपांचे सचिव. म्हणजे चांगली बसलेली घडी होती. ती मोडून ते 'जेनस' या कैद्यांच्याच जहाजावर चढले आणि मे १८२० मध्ये सिडनीत उतरले. पुढच्या वर्षी कॉनोली व्हॅन डीमन्स लँडला, म्हणजे आजच्या टास्मानियाला गेले. त्यानंतर काही वर्षं ऑस्ट्रेलियाच्या मुख्य भूमीवर कॅथलिक धर्मगुरू म्हणून थेरी एकटेच होते.

हातात काय होतं, काय नव्हतं

सरकार वर्षाला १०० पौंड देणार होतं. त्या बदल्यात गव्हर्नर मॅक्वारी यांनी अटी घातल्या. दुसऱ्या पंथाच्या माणसाला कॅथलिक करायचं नाही. नवरा आणि नवरी दोघंही कॅथलिक असतील तरच लग्न लावायचं. सरकारी अनाथालयातल्या मुलांच्या धर्मशिक्षणात पडायचं नाही. ती मुलं, आईबाप कॅथलिक असले तरी, सरकारी चर्चच्या म्हणजे अँग्लिकन शिकवणीतच वाढणार. ही शेवटची अट थेरींना आयुष्यभर सलली. १८२० मध्येच सिडनीजवळच्या पॅरामाटाला कॅथलिक मुलांची शाळा निघाली.

चर्चच्या बाजूनेही हात बांधलेले होतेच. धर्मगुरूला कुणाचं पापनिवेदन ऐकता येतं, कुणाचं लग्न लावता येतं, याचा अधिकार बिशपकडून येतो. थेरींचे बिशप होते एडवर्ड स्लेटर, आणि ते राहायचे मॉरिशसला, हिंदी महासागराच्या पार दुसऱ्या टोकाला. एखादा अवघड प्रश्न विचारायचा तर पत्र जहाजाने जायचं, आणि उत्तर येईपर्यंत बरेच महिने लोटायचे. सिडनीला स्वतःचा बिशप मिळाला तो १८३५ मध्ये, जॉन बीड पोल्डिंग यांच्या रूपाने.

याचा एक अगदी व्यवहारातला परिणाम म्हणजे तेल. त्या काळी आजाऱ्याच्या अभ्यंगाचं ऑलिव्हचं तेल बिशपच आशीर्वादित करत, तेही वर्षातून एकदा, ईस्टरआधीच्या पुण्य गुरुवारी. जवळपास बिशपच नसेल तर तेल समुद्रापलीकडून येणार. ते संपत आलं तर नियमाने एकच वाट मोकळी होती: आशीर्वादित तेलात साधं ऑलिव्ह तेल मिसळायचं, पण घातलेलं तेल मूळच्या तेलापेक्षा कमीच हवं. अर्धी कुपी उरली असताना जाग आली तर निभावतं. तळाला दोन थेंब राहिल्यावर लक्षात आलं तर त्यात फार काही वाढवता येत नाही.

आजाऱ्याचं बोलावणं

थेरींच्या कामाचा गाभा हाच, म्हणून इथे जरा थांबू.

निरोप कधीही यायचा. सिडनीहून पॅरामाटा सुमारे २४ किलोमीटर, कँपबेलटाउन आणि विंडसर पन्नासच्या आसपास, आणि डोंगरापलीकडचं बाथर्स्ट २०० किलोमीटर. चांगला घोडा लांबच्या वाटेवर तासाला आठ-दहा किलोमीटर टिकवतो. म्हणजे कँपबेलटाउनचा माणूस निरोप घेऊन निघाला की त्याचे पाच-सहा तास आणि फादरांचे पाच-सहा तास. पहिला निरोप निघाल्यापासून धर्मगुरू खाटेशी पोहोचेपर्यंत अर्धा दिवस गेलेला. सापाचं विष किंवा झाड अंगावर पडलेला माणूस तेवढा थांबत नाही. म्हणून थेरी घोडा बदलत, रात्रीचे, पावसातले प्रवास करत. पुलाविना तुंबलेल्या नदीवर पलीकडच्या माणसाला दोर टाकायला सांगून, तो कमरेला बांधून ते पाण्यातून ओढून घेतले गेले, अशी आठवण ऑस्ट्रेलियातले कॅथलिक आजही सांगतात. त्या दिवशी पलीकडे फाशीची शिक्षा झालेला कैदी वाट पाहत होता.

अशा फेरीला निघताना बरोबर काय लागायचं? गळ्यात अडकवलेल्या छोट्या पिशवीत एक डबी, तिच्यात ख्रिस्तप्रसाद, म्हणजे मिस्सात पवित्र केलेली चकती. धातूची कुपी, तिच्यात तेलात भिजवलेला कापूस. नुसतं तेल ठेवलं तर घोड्याच्या दौडीत सांडतं. कापसात मुरलेलं राहतं, आणि अंगठा दाबला की हवं तेवढं वर येतं. जांभळा स्टोल, म्हणजे गळ्यातून सोडायची अरुंद पट्टी. प्रार्थनांचं पुस्तक, पवित्र पाणी, मेणबत्ती.

त्या काळी पोहोचल्यावरचा क्रम ठरलेला असे. आधी खोलीतल्या सगळ्यांना बाहेर काढून पापनिवेदन. कैद्यांच्या बराकीत किंवा एकखणी झोपडीत हीच पायरी सगळ्यांत अवघड जायची, कारण बाहेर जायला 'बाहेर' हवं ना! धर्मगुरू मग खाली वाकून कान रोग्याच्या तोंडाशी नेतो. नंतर गिळण्याइतकी ताकद असेल तर ख्रिस्तप्रसाद. ओकारी येत असेल तर तो देत नसत. मग अभ्यंग: अंगठ्याने डोळे, कान, नाक, ओठ, हात आणि पाय यांवर तेलाचा क्रूस, प्रत्येक ठिकाणी त्या-त्या इंद्रियाने घडलेल्या पापांची क्षमा मागणारी लॅटिन प्रार्थना. लावलेलं तेल कापसाने टिपायचं आणि तो कापूस नंतर जाळायचा, कचऱ्यात टाकायचा नाही. धर्मगुरूने आपला अंगठा पावाच्या मऊ गाभ्याने पुसायचा आणि मग हात धुवायचे. गरिबाच्या घरी टेबलावर पावाचा तुकडा का मागत, हे नवख्याला कळत नसे; तो भुकेसाठी नसायचा.

चुकतं कुठे? माणूस बेशुद्ध असेल तर पाप सांगणार कोण? अशा वेळी तो शुद्धीवर असता तर पश्चात्ताप केला असता, हे गृहीत धरून सशर्त क्षमा देतात. जिवंत आहे की नाही हेच कळत नसेल तर 'तू जिवंत असशील तर' असे शब्द जोडून अभ्यंग करत. अर्ध्यावर प्राण गेला की मात्र तिथेच थांबायचं. मेलेल्याला संस्कार देता येत नाही. त्याच्यासाठी फक्त प्रार्थना उरते. थेरींची ती सगळी धाव या एका नियमापायी होती. दहा मिनिटं उशीर म्हणजे उशीरच.

रविवारचा हिशेब

मिस्सा म्हणणाऱ्याने आदल्या मध्यरात्रीपासून काहीही खायचं-प्यायचं नाही, पाण्याचा घोटसुद्धा नाही, असा त्या काळचा कडक नियम होता. मिस्सा पहाटे ते दुपार यांच्यामध्येच. एका दिवशी एकच. लोकांची गरज आहे म्हणून दुसरी म्हणायची तर खास परवानगी हवी.

आता सिडनी आणि पॅरामाटा ही दोन ठिकाणं एकाच रविवारी करायची आहेत असं धरा. पहाटे सहाला सिडनीची मिस्सा, सातला खोगीर, दहाच्या सुमारास पॅरामाटा. तिथे पापनिवेदनाला रांग. अकराला दुसरी मिस्सा, बारा वाजता पहिला घोट पाणी. तोही जानेवारीच्या ऑस्ट्रेलियन उन्हात. एक बारकावा आणखी: मिस्साच्या शेवटी प्याला द्राक्षारसाने आणि पाण्याने विसळून धर्मगुरू ते पितो. पहिल्या मिस्सात ते प्यायलं तर उपवास मोडायचा आणि दुसरी मिस्सा म्हणता येत नसे. म्हणून ते बाजूला काढून ठेवायचं. थकलेला माणूस सवयीने पिऊन टाकतो, आणि पलीकडच्या गावचे लोक उगाच ताटकळतात.

चर्च नसलेल्या ठिकाणी मिस्साचं सामान बरोबर न्यावं लागे. त्यातली जड आणि अत्यावश्यक वस्तू म्हणजे वेदीचा दगड: संतांचे अवशेष बसवलेली, बिशपांनी अभिषेक केलेली सपाट शिळा. कोठारातलं टेबल असो की दारूच्या पिंपावरची फळी, त्यावर हा दगड ठेवला की वेदी झाली. दगड तडकला की अभिषेक गेला, मग दुसरा यायला पुन्हा जहाजाची वाट. शिवाय लिननची वस्त्रं, प्याला, तबकडी, मेणाच्या दोन मेणबत्त्या, क्रूस, शुद्ध द्राक्षारस आणि गव्हाच्या पिठाच्या बिनखमिराच्या चकत्या. दमट हवेत चकत्यांना बुरशी धरते, रस आंबून शिरका होतो. दोन्ही बिघडले की मिस्साच होत नाही, कितीही लोक जमलेले असोत.

आणि लोक किती होते? १८२८ च्या जनगणनेत न्यू साउथ वेल्समध्ये, म्हणजे सिडनीच्या या वसाहतीत, ३६,५९८ माणसं मोजली गेली, त्यांत ११,२३६ कॅथलिक. प्रत्येक कॅथलिकाने वर्षातून निदान एकदा पापनिवेदन करावं आणि ईस्टरच्या सुमारास ख्रिस्तप्रसाद घ्यावा, हे किमान बंधन १२१५ पासूनचं. लहान मुलं वगळून सहा हजारच मोठी माणसं धरली आणि माणशी पाच मिनिटं दिली, तरी ५०० तास होतात. रोज आठ तास कान देऊन बसलं तर दोन महिन्यांहून जास्त, मध्ये एकही बोलावणं न येता. कित्येकांनी वीस-वीस वर्षं पापनिवेदन केलेलं नव्हतं. पाच मिनिटांत त्यांचं काय होणार? त्यांत काहींना आयरिश भाषाच बरी येत होती, इंग्रजी मोडकीतोडकी.

लग्न: सगळ्यांत किचकट प्रकरण

कैद्याला लग्न करायचं तर गव्हर्नरची परवानगी लागे. अर्ज धर्मगुरूमार्फत जायचा. त्यात नाव, वय, शिक्षा किती वर्षांची आणि कोणत्या जहाजाने आला, हे सगळं असायचं. जहाजाचं नाव ही त्या वसाहतीतली ओळखीची खूणच होती. एकाच नावाचे चार पॅट्रिक मर्फी असले तरी जहाज वेगळं निघायचं.

खरी अडचण मागे राहिलेल्या नवऱ्याची किंवा बायकोची. कैदी म्हणतो, बायको वारली. पुरावा? कॉर्क किंवा मेयोमधून आलेलं एखादं पत्र, किंवा त्याच गावातून नंतर आलेल्या कैद्याची साक्ष. कॅथलिक नियमाप्रमाणे पहिला जोडीदार जिवंत असेपर्यंत दुसरं लग्न होतच नाही. समुद्र आडवा आला म्हणून गाठ सुटत नाही. पत्र खोटं निघालं तर दुसरं लग्न रद्द, आणि मुलांची नोंद अडकते. त्यात मॅक्वारी यांच्या अटीमुळे एक कॅथलिक आणि एक प्रोटेस्टंट अशी जोडी आली की थेरींनी हात जोडून त्यांना परत पाठवायचं. पुरुष खूप आणि बायका मोजक्या असलेल्या वसाहतीत अशा जोड्या येणारच. मग काहीजण अँग्लिकन धर्मगुरूकडे जात आणि काही लग्नावाचूनच संसार थाटत.

एका शब्दाची किंमत

१८२५ मध्ये सरकार वसाहतीतल्या सगळ्या शिक्षणाचा आणि सरकारी जमिनीच्या सातव्या हिश्शाचा कारभार अँग्लिकन महामंडळाकडे सोपवत होतं. थेरींनी कॅथलिक शिक्षणासाठी निवेदन काढलं आणि त्यात सरकारी चर्चच्या धर्मगुरूंबद्दल आपल्याला निर्विवाद आदर आहे, असं लिहिलं. 'सिडनी गॅझेट'मध्ये छापताना इंग्रजी शब्दाच्या सुरुवातीची दोन अक्षरं गळली आणि आदर 'अटींसह' असल्याचा अर्थ झाला. वातावरण आधीच तापलेलं होतं. लंडनहून हुकूम आला: सरकारी नेमणूक रद्द, पगार बंद. मायदेशी परतायचं असेल तर प्रवासखर्च द्यायची तयारी होती.

ते गेले नाहीत. पद गेलं म्हणजे नेमकं काय गेलं, हे समजून घ्यायला हवं. दीक्षा गेली नाही. ती सरकारने दिलेली नव्हती. तुरुंग, इस्पितळ, बराक यांच्या दारातून हक्काने आत जायचा अधिकार गेला. आता पहारेकऱ्याच्या मर्जीवर. १८२६ च्या अखेरीला पगारी धर्मगुरू म्हणून फादर डॅनियल पॉवर आले. लोक मात्र थेरींनाच बोलावत राहिले, आणि थेरी जात राहिले, वर्षानुवर्षं, लोकांच्या वर्गणीवर. मला त्यांच्या आयुष्यातला हा सगळ्यांत मोठा काळ वाटतो.

पैसा, आणि थेरी जिथे कमी पडले

सिडनीतल्या सेंट मेरीज चर्चची कोनशिला २९ ऑक्टोबर १८२१ रोजी गव्हर्नर मॅक्वारी यांच्याच हस्ते बसली. थेरींनी त्यांना चांदीची थापी दिली होती. जागा हाइड पार्कच्या कैद्यांच्या बराकीजवळची. आराखडा वसाहतीच्या ऐपतीच्या मानाने फार मोठा. परिणाम जो व्हायचा तोच झाला: वर्गणी जमली की भिंत चढायची, संपली की काम बंद, आणि हे दहा वर्षांहून जास्त चाललं. छपराविना उभ्या भिंतीत पाणी मुरतं, आणि आधी केलेल्या कामाची पुन्हा दुरुस्ती करावी लागते. आधी लहान, छपरासकट पुरं होणारं चर्च बांधा आणि मग वाढवा, हा शहाणपणा थेरींनी मानला नाही. या लोकांना काहीतरी भव्य मिळालंच पाहिजे, असं त्यांना मनापासून वाटत होतं.

गव्हर्नर रिचर्ड बर्क, स्वतः आयरिश पण प्रोटेस्टंट, यांनी १८३६ मध्ये चर्च कायदा आणला, तेव्हा पैशाची गणितं बदलली. अँग्लिकन, कॅथलिक, प्रेस्बिटेरियन, सगळ्यांना एकच नियम: लोकांनी किमान ३०० पौंड जमवले तर सरकार तेवढीच रक्कम घालणार, कमाल १,००० पर्यंत. धर्मगुरूचा पगार माणसं मोजून: जवळपास १०० प्रौढ असतील तर १०० पौंड, २०० असतील तर १५०, ५०० असतील तर २००. म्हणजे आता यादी, सह्या, विश्वस्त आणि हिशेबाची वही चोख असणाऱ्याची चलती होती. थेरींची वही तशी नव्हती.

हे टास्मानियातल्या होबार्टला फार महागात पडलं. १८३८ मध्ये ते तिथे प्रमुख म्हणून गेले आणि सेंट जोसेफ्स चर्च उभं राहिलं, पण कर्जावर. घोटाळा असा होतो: धर्मगुरू चर्चसाठी स्वतःच्या सहीने कर्ज काढतो, अडलं की पदरचे पैसे घालतो, कधी जमीनही स्वतःच्या नावावर असते. चर्चचं किती आणि त्याचं किती, ही रेघ कुठेच ओढलेली नसते. तो तिथे आहे तोवर चालतं. बदली झाली की नव्या माणसाच्या हाती चाव्या येतात, आणि मागून सावकार. १८४४ मध्ये बिशप रॉबर्ट विल्सन आले ते कर्जमुक्त मिशन मिळेल या समजुतीने. दोघंही प्रामाणिक, पण हिशेबाचा वाद दहा वर्षांहून जास्त चिघळला. ज्या माणसाने रात्री-अपरात्री कुणाला नाही म्हटलं नाही, त्याला सुताराला आणि सावकारालाही नाही म्हणता आलं नाही.

नंतर मेलबर्न, विंडसर आणि १८५६ पासून सिडनीजवळचं बाल्मेन. तिथेच २५ मे १८६४ रोजी त्यांचं निधन झालं. पुढच्याच वर्षी, २९ जून १८६५ ला, सेंट मेरीज आगीत भस्मसात झालं. त्याच जागी उभ्या असलेल्या आजच्या सेंट मेरीज कॅथीड्रलच्या तळघरात थेरींना विसावा मिळाला आहे.

त्यांच्या हातून सुरू झालेल्या १८२० पासूनच्या बाप्तिस्मा आणि लग्नाच्या नोंदींत ऑस्ट्रेलियन कुटुंबं आपले आयरिश पूर्वज शोधतात. शोधणाऱ्याने आडनावाच्या स्पेलिंगला चिकटून बसू नये. सांगणाऱ्याला बहुतेकदा लिहिता येत नसे. फादरांनी कानावर पडलं तसं लिहिलं, त्यामुळे एकाच घरातल्या तीन भावंडांची आडनावं तीन तऱ्हेची दिसतात. बाप्तिस्म्याची तारीख म्हणजे जन्मतारीख नव्हे. दूरच्या मळ्यावर फादर पोहोचेपर्यंत मूल दोन-तीन वर्षांचं झालेलं असू शकतं, आणि एकाच दिवशी एकाच आईची तीन मुलं नोंदलेली दिसली तर ती तिळी समजू नयेत. आधी धर्ममातापित्यांची (बाप्तिस्म्याच्या वेळी मुलाची जबाबदारी घेणाऱ्यांची) नावं पाहावीत, मग कैद्यांच्या अर्जातलं जहाज. बहुतेक वेळा तीच माणसं एकाच जहाजाने आलेली निघतात.